पत्र सध्या वापरात आहे

टपालपेटीचा तळ उघडायची कल्पना माझी होती, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. शेजाऱ्यांकडून तुम्हाला ते कळणारच आहे, तर माझ्याकडून कळलेलं बरं.

जगातल्या सगळ्या टपालपेट्यांना पुढून दार असतं. दार उघडा, हात घाला, चाचपडा, आणि तरी कोपऱ्यात एखादं कार्ड राहूनच जातं. माझ्या पेटीला पुढून दार नव्हतं. तिच्या तळाला बिजागरी होती आणि बाजूला खिटी. खिटी सरकवली की तळ खाली झुकणार आणि दिवसभराचं टपाल अलगद ओंजळीत पडणार. पाणीपुरवठा कचेरीत मी मुख्य कारकून आहे. कागद नेहमी वरून खाली येतात, एवढं मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत समजलेलं आहे. पेटीचा नकाशा मी कचेरीच्या कागदावर तीन रंगांत काढला होता. पावसाचा थेंबही आत जाऊ नये म्हणून छपराला बावीस खिळे ठोकले आणि वरून डिंक ओतला. सुतार म्हणाला, "साहेब, पेटी बनवताय का तिजोरी?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मोठी कामं करणाऱ्याला असं ऐकून घ्यावंच लागतं.

आता मुळात नवी पेटी कशाला? तर बायकोच्या पत्रासाठी.

माझी बायको वाचनालयात अकरा वर्षं हंगामी साहाय्यक होती. हंगामी म्हणजे दर वर्षी तिला काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे. यंदा तिथे कायम ग्रंथपालाची एक जागा निघाली आणि तिने अर्ज केला. पंचेचाळीस वर्षांनंतर अर्ज चालत नाही, आणि तिला पंचेचाळीस पूर्ण व्हायला चारच महिने उरले होते. म्हणजे ही शेवटची संधी. मुलाखतीचं बोलावणं पोस्टाने येणार, मोठ्या पाकिटात, 'दुमडू नये' असा शिक्का मारून. आमच्याकडे घरोघरी फोन नाहीत अजून. आमच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत असं पाकीट दुमडल्याशिवाय शिरलं नसतं. म्हणून मी नव्या पेटीची फट अशी ऐसपैस ठेवली, की पाकीट आडवं, उभं, तिरपं, कसंही जावं. त्या फटीतून आणखी काय काय जाईल याचा विचार केला नव्हता. नकाशात पक्षी नव्हते.

बायकोबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती हुशार आहे, पण चार माणसांत बोलायची तिला सवय नाही. असणार कशी? तिच्या वतीने मी बोलतो. डॉक्टरने तिला "काय होतंय?" विचारलं की मी सांगतो. दुकानात तिने साडी बघितली की ती आवडली का नाही हेही मीच सांगतो. सहा वर्षांपूर्वी अशाच एका मुलाखतीला मी तिच्याबरोबर गेलो होतो. दार किलकिलं होतं. आत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिला सुचावीत म्हणून मी बाहेरून खोकत होतो. मंडळाने शिपायाबरोबर माझ्यासाठी गरम पाणी पाठवलं. तेव्हा तिची निवड झाली नाही, पण त्याचा माझ्या खोकण्याशी काही संबंध नसावा.

पेटी फाटकाच्या खांबावर लागली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही माझ्या मेहुणीकडे गेलो. तिचं ऑपरेशन झालं होतं. बारा दिवसांनी परत आलो. हातात दोन पिशव्या, काखेत छत्री, तरी मी आधी पेटीकडेच गेलो. फटीतून दोन-चार काड्या बाहेर आल्या होत्या. कुणाचा तरी वात्रटपणा, असं म्हणत मी खिटीला हात लावला. त्याबरोबर आतून काहीतरी भर्रकन निघून माझ्या चष्म्यावर आपटलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन मला वाटेल तसं बोलू लागलं. ती चिमणी होती.

"थांबा!" बायको ओरडली. लग्नाला बावीस वर्षं झाली, ती माझ्यावर ओरडल्याचं मला आठवत नाही. मी थांबलो.

तिने पर्समधून हातआरसा काढला, घरातून विजेरी आणली आणि आरसा तिरका धरून फटीतून आत बघितलं. मग हळूच म्हणाली, "चार आहेत. अंडी."

मी पाहिलं. आमच्या बारा दिवसांत त्या जोडप्याने माझी पेटी अर्ध्यापर्यंत भरून काढली होती. काड्या, दोरे, पिसं, पलीकडे राहणाऱ्या मांजरवाल्या काकूंच्या झाडूच्या शेंड्या आणि माझ्या जुन्या मफलरची लोकर, जी मी वर्षभर शोधत होतो. मधोमध एक वाटी, आणि तिच्यात करड्या ठिपक्यांची चार अंडी.

"आता ही पेटी उघडायची नाही," बायको म्हणाली.

"किती दिवस?"

"पिल्लं उडून जाईपर्यंत."

मला त्यात अडचण दिसली नाही. कचेरीत बसून मी एक सूचना टंकून आणली आणि पेटीवर चिकटवली: 'या पेटीत टपाल टाकू नये. आत कुटुंब राहते. टपाल हस्ते पोचवावे.' ती वाचून संध्याकाळी पोस्टमन आत आला आणि कौतुकाने म्हणाला, "बरं झालं लिहिलंत ते. नाहीतर मी टाकतच राहिलो असतो. तुमचं ते मोठं पाकीट तेवढं आधीच टाकलं होतं म्हणा."

"कुठलं मोठं पाकीट?"

"ते हो, वहिनींच्या नावाचं. दुमडू नये लिहिलेलं. तुम्ही गावाला गेलात त्याच दुपारी आलं. काय सुरेख गेलं आत! फट झकास ठेवलीत हं साहेब."

पत्र आलेलं होतं. पत्रात तारीख होती. पत्र पेटीच्या तळाशी आडवं पडलेलं होतं, त्यावर घरटं होतं, घरट्यात अंडी होती. आणि पेटीचा तळ, माझ्या कल्पनेप्रमाणे, खाली उघडत होता.

बातमी पसरली. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणतात. त्यांना ती पदवी वाटते. ते दोन मिनिटांत हजर झाले. आधी त्यांनी सुतार बोलवायला लावला. सुताराने पेटीवर टकटक करून पाहिलं आणि सांगितलं की छप्पर काढायचं तर पेटी फोडावी लागेल, बाजू कापायची तर करवतीच्या हादऱ्याने अंडी फुटतील. "पुढून दार असतं ना साहेब, तर..." एवढं बोलून तो थांबला. बाकीचं वाक्य त्याने पुढे महिनाभर गावभर पूर्ण केलं.

मग सर्वज्ञांच्या लक्षात आलं की तळ आणि बाजूची फळी यांच्यात नखभर फट राहिली आहे. ती माझ्या मोजमापातली चूक होती, पण त्या क्षणी मी ती मुद्दाम ठेवल्याचं सांगितलं. त्यांनी विणायच्या सुया आणि चिमटा आणवला आणि आम्ही दोघं फाटकापाशी उकिडवे बसलो. येणारेजाणारे थांबून सल्ले देऊ लागले. एकाने साबण लावायला सांगितलं, कशाला ते त्याने सांगितलं नाही. अर्ध्या तासाने चिमट्यात पाकिटाच्या कडेसकट आतला कागद आला. सर्वज्ञांनी जोर लावला. 'टर्र' असा आवाज झाला आणि बोटभर रुंदीची एक पट्टी बाहेर आली. तिच्यावर स्वच्छ अक्षरांत छापलं होतं: 'सकाळी ठीक ११ वाजता'.

"बघा!" सर्वज्ञ म्हणाले. "निम्मं काम झालं. वेळ कळली."

"आणि दिवस?"

त्यांनी थोडा विचार केला. "तुम्ही असं करा ना. रोज अकराला जात जा."

ते पुन्हा सुई घालणार, तेवढ्यात बायको येऊन आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. चिमणी पाऊण तास तारेवर बसून होती, आत जायला धजत नव्हती. अंडी गार पडत होती. "पुरे," ती म्हणाली. "ह्या पेटीला आता कोणी हात लावायचा नाही. पत्र माझं आहे ना? मग मीच सांगते."

"अगं, पण तारीख टळली तर? परत अर्ज करता येणार नाही!"

"ठाऊक आहे मला ते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा हलला. तिला नोकरी नको होती असं नाही. अकरा वर्षं ती त्या वाचनालयाच्या फाटलेल्या पुस्तकांना पाठी चिकटवत आली होती. पण तिने चिमटा माझ्या हातातून काढून घेतला. थोड्या वेळाने चिमणी आत गेली आणि मगच बायको घरात आली.

आता एकच मार्ग उरला. भरती कार्यालयात जाऊन तारीख विचारायची. साधी गोष्ट. मी रजा टाकली आणि गेलो. बायको येते म्हणाली, मी म्हटलं, "तू कशाला? तुला बोलायला जमायचं नाही."

तीन नंबरच्या खिडकीत माझ्यासारखाच एक कारकून होता. माझ्यासारखाच म्हणजे, मी तारीख विचारली तरी त्याने मान वर केली नाही.

"पत्र पाठवलंय. पोचल्याची नोंद आहे. तारीख पत्रात आहे."

"पत्र पोचलंय, पण वाचता येत नाही."

"न मिळालेलं, गहाळ झालेलं, का फाटलेलं? दुसरी प्रत हवी तर यातलं एक लिहून द्या."

"मिळालंय. गहाळ नाही. फाटलंय थोडं, पण तो प्रश्न नाही. ते पक्ष्याखाली आहे."

त्याने मान वर केली. मग त्याने अर्जाचा कागद वर-खाली निरखून पाहिला. हे मात्र मला आवडलं, मीही असाच पाहतो. "पक्ष्याखाली असा रकाना नाही," तो म्हणाला.

"तुम्ही नुसतं गहाळ लिहा ना."

"खोटं लिहू? नोंदीप्रमाणे पत्र तुमच्या पेटीत आहे. तुम्हीही म्हणता पेटीत आहे. मग गहाळ कसं?" आणि मग तो मागे रेलून म्हणाला, "हे बघा, तुमची अडचण मला समजते, पण रकान्याला समजत नाही."

हे वाक्य माझं होतं! शब्दन् शब्द माझं. पंधरा वर्षांपूर्वी एका गृहस्थाचं पाण्याचं मीटर नव्या भिंतीच्या आत गेलं होतं, तेव्हा मी ते पहिल्यांदा वापरलं. ते इतकं गाजेल आणि दुसऱ्या कचेरीपर्यंत पोचेल याची मला कल्पना नव्हती. खिडकीच्या आतून ते फार चांगलं वाटतं. बाहेर उभं राहून ऐकलं तेव्हा मला त्या भिंतीवाल्या गृहस्थाचा चेहरा आठवला आणि कसंनुसं झालं.

चार खेपा झाल्या. शेवटी त्यानेच कंटाळून सांगितलं, की दाव्याबद्दल शंका असेल तर स्थळपाहणीचा अर्ज करता येतो. मी तो चार प्रतींत केला. 'विषय: पत्रावर पक्षी बसल्याबाबत.'

इकडे पेटीत अंडी फुटली होती. बायकोने सकाळी आरसा धरला आणि मला हाक मारली. मी दाढी अर्धी टाकून धावलो. खरं सांगतो, पहिल्या दर्शनी मला ती पिल्लं अजिबात सुंदर वाटली नाहीत. गुलाबी, उघडीवाघडी, डोळे मिटलेले, मान सावरत नाही. पण मी आरसा हलवला, आत जरा सावली पडली, आणि चार तोंडं एकदम उघडली. डोक्यापेक्षा तोंड मोठं, कडेला पिवळी किनार, आतून लालभडक. मी त्यांची आई आहे असं त्यांना वाटलं असावं. मला आजवर असं कुणी समजलेलं नाही. मी खिसे चाचपले, पण खिशात बसचं तिकीट होतं.

त्या दिवसापासून माझं कचेरीत लक्ष लागेना. बायकोने वाचनालयातून पक्ष्यांचं एक जाड पुस्तक आणलं होतं आणि ती मला एकेक गोष्ट सांगायची. काळ्या गळपट्ट्याचा आहे तो नर. आठवड्यात डोळे उघडतील. मग अंगावर काड्यांसारखे कोंब येतील आणि एके दिवशी त्या काड्या उमलून पिसं होतील. सगळं तिने सांगितलं तसं आणि त्याच क्रमाने होत गेलं. चिमणाचिमणी दिवसभर अळ्या आणत आणि परत जाताना चोचीत पांढरी पुरचुंडी घेऊन जात. ती पिल्लांची शी असते हे बायकोने सांगितल्यावर मला त्या चिमण्याबद्दल फार आदर वाटू लागला. आमच्या पिढीतल्या बापांनी हे काम केल्याचं ऐकिवात नाही. चार पिल्लांतली तीन दांडगी होती, चौथं बारकं. मोठी तिघं फटीशी तोंड लावून बसत आणि हे मागून मान उंचावून बघे. आम्ही त्याला बारकू म्हणू लागलो. बारकूला घास मिळाला की नाही हे मी कचेरीतून आल्या आल्या विचारत असे. तारीख अजून कळली नव्हती, आणि रोज सकाळचे अकरा वाजले की मी हातातलं काम टाकून कॅलेंडर बघत असे. आज तर नसेल? बायकोला हे बोलून दाखवलं नाही. तीही बोलत नव्हती, पण अकराच्या सुमाराला ती वाचनालयातल्या घड्याळाकडे पाठ करून बसते, असं तिथला शिपाई मला म्हणाला.

मग एका सकाळी पाहणी अधिकारी आल्या. करड्या केसांच्या, काटक बाई. हातात फाइल, चेहऱ्यावर एकही सुरकुती वाया घालवलेली नाही. सर्वज्ञ पुढे सरसावले, मीही सरसावलो. "बाई, प्रकरण असं आहे, की माझ्या पत्नीने..."

"अर्जदार कोण?"

"पत्नी. पण मी तिच्या वतीने..."

"मग त्या बोलतील," बाई म्हणाल्या.

बायको बोलली. पाच वाक्यांत तिने सगळं सांगितलं. पत्र कधी आलं, घरटं कधी झालं, अंडी कधी फुटली, पिल्लं कधी उडतील, आणि तोपर्यंत ती तळ का उघडणार नाही. मला हेच सांगायला चार प्रती लागल्या होत्या.

बाईंनी आरसा घेतला. चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून आत पाहिलं. आतून चौघांनी आ वासला. बाई बघतच राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या. हे सरकारी कामकाजात धरायचं का नाही मला कळेना. "हे मागचं... ह्याला मिळतं का खायला?"

"बारकूला? मिळतं, मिळतं," मी घाईने म्हणालो.

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि त्या पुन्हा अधिकारी झाल्या. पायरीवर बसून त्यांनी अहवाल लिहिला. मी मान लांब करून वाचला. 'पत्र अस्तित्वात आहे. योग्य पत्त्यावर आहे. सध्या वापरात आहे.' खाली सही आणि शिक्का. असा शेरा मला सव्वीस वर्षांत सुचला नसता.

"दुसरी प्रत देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तारीख तोंडी सांगायचीही मुभा नाही." माझा चेहरा पडला. त्यांनी फाइल काखेत मारली आणि फाटकाशी जाऊन बायकोकडे वळल्या. "मी स्वतः येत्या गुरुवारी वाचनालयाच्या मंडळावर बसणार आहे. दिवसभर. तुम्ही गुरुवारी दुसरं काही काम काढू नका. वेळ तुम्हाला कळलेली आहेच."

त्या गेल्यावर बायको पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसले. मग हसली. मग म्हणाली, "म्हणजे अजून गेली नाही तारीख."

मी ताबडतोब तयारीला लागलो. साठ प्रश्न काढले, त्यांची उत्तरं लिहिली, कुठे थांबायचं, कुठे मान हलवायची तेही कंसात लिहिलं. गुरुवारची रजा टाकली. पाण्याची बाटली, फाइल, जास्तीचं पेन, सगळं मीच धरणार होतो.

मंगळवारी कचेरीतून आलो तर सगळ्यांत थोरलं पिल्लू फाटकाशी जमिनीवर बसलेलं. पडलं बिचारं! समोर काकूंचं मांजर डोळे किलकिले करून बसलं होतं. मी पिल्लू उचललं, फटीतून आत सोडलं, मांजराला हाकललं आणि घाम पुसला. पुसतोय तोवर ते परत खाली. पुन्हा आत घातलं. पुन्हा खाली. आणि त्याचे आईबाप बघा! समोरच्या भिंतीवर चोचीत अळ्या घेऊन बसलेले. पिल्लाला ओरडून बोलवत होते, पण घास द्यायला पेटीत येत नव्हते. मला संताप आला. "लाज नाही वाटत?" मी त्यांना म्हणालो. चौथ्या वेळी पिल्लू उचलायला वाकलो तेव्हा मागून बायको आली होती.

"अहो," ती म्हणाली, "ते पडलं नाही. ते निघालंय."

"निघालंय? त्याला नीट उडता तरी येतं का?"

"येत नाहीच. बाहेर आल्यावर येतं. बाप पुढे पंधरा दिवस भरवतो बाहेरच. पुस्तकात आहे."

मी हात मागे घेतला. पिल्लाने दोन उड्या मारल्या, धडपडलं, आणि वेडंवाकडं उडत भिंतीपर्यंत गेलं. तिथे गेल्या गेल्या त्याला अळी मिळाली. बुधवारी आणखी दोघं गेली. आत राहिला बारकू.

गुरुवारी सकाळी नऊला मी बूट घालून, फाइल घेऊन तयार होतो. बायको बाहेर आली, आरशात आत बघितलं आणि म्हणाली, "बारकू फटीशी आलाय. आज निघणार."

"मग काकूंना मांजर बांधायला सांगू."

"त्या कुठेतरी बाहेर गेल्यात. दाराला कुलूप आहे आणि मांजर बाहेर आहे." तिने माझ्या हातातून फाइल घेतली. "तुम्ही थांबा इथे. तुमच्याशिवाय त्याला कोण आहे?"

"आणि तुला?"

"मी जाऊन येते," ती म्हणाली. टाचणीने फाइलीला लावलेली ती 'सकाळी ठीक ११ वाजता'ची पट्टी तिने एकदा तपासली. मूळ पत्राचा तेवढाच तुकडा तिच्याकडे होता. माझे साठ प्रश्न टेबलावरच राहिले होते. मी ओरडून तसं सांगितलं, पण ती कोपऱ्यावरून वळली होती.

मी खुर्ची टाकून फाटकाशी बसलो, मांडीवर छत्री. पलीकडे मांजर बसलं. दहा वाजले. बारकू फटीत येई, बाहेर डोकावे, आत जाई. सव्वा दहा. साडेदहा. आता ती पोचली असेल. बाहेरच्या बाकावर बसली असेल. तिला तहान लागली तर? पाण्याची बाटली माझ्या शेजारी होती. सर्वज्ञ येऊन म्हणाले, "ढकला की त्याला जरा मागून." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आल्या पावली परत गेले.

अकराला पाच कमी असताना बारकू फटीच्या कडेवर आला. भिंतीवर आईबाप ओरडत होते. तो पुढे झाला, मागे झाला, आणि धप्पकन माझ्या बुटापाशी पडला. मांजर उठलं. मी छत्री उघडली, फटकन, मांजराच्या नाकासमोर. ते पसार झालं. बारकू पंख पसरून पडलेला. माझे दोन्ही हात त्याच्या अंगावर गेले. एवढासा गरम जीव, उचलला की पेटीत. दोन सेकंदांचं काम. आत सुरक्षित राहिला असता.

माझे हात तिथेच थांबले. मी म्हणालो, "जा रे बाबा." आणि मला स्वतःलाच कळेना, मी कुणाला सांगतोय. डोळ्यांत पाणी आलं, हे लपवून काय करायचंय. बारकू उठला. एक उडी. दुसरी. मग जमिनीपासून वीतभर उंचीवरून, मध्येच कलंडत, तो भिंतीच्या पायथ्याशी गेला, तिथून काकूंच्या कुंडीवर, तिथून भिंतीवर. आतल्या घड्याळात अकराचे ठोके पडत होते. मला एकदाही खोकला आला नाही.

बायको दीडला आली. "काय विचारलं?" मी फाटकातूनच ओरडलो.

"आधी विचारलं, बारकू उडाला का. मग पुस्तकांबद्दल पुष्कळ विचारलं. मी बोलले सगळं." तिने फाटक मागे लोटलं. "कोणीतरी थांबवेपर्यंत बोलत होते मी. निकाल पोस्टाने येईल." मग तिने पेटीकडे बघितलं. मी मान हलवली, गेला म्हणून. तिने माझ्या शेजारची बाटली उचलली आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायली.

तिसऱ्या दिवसापर्यंत घरट्याकडे कुणी फिरकलं नाही, तेव्हा आम्ही खिटी सरकवली. तळ माझ्या नकाशाप्रमाणे अलगद झुकला आणि सबंध घरटं माझ्या ओंजळीत पडलं. यंत्रणा निर्दोष होती, हे इथे नमूद करतो. घरट्याखालून पत्र निघालं. पाकिटाची एक बाजू कुजून गळून गेली होती आणि पत्रावर चार बाळांच्या साऱ्या बालपणाचे डाग होते. तारीख वाचता येत नव्हती. जागा वाचता येत नव्हती. वाचता येत होती फक्त सगळ्यांत खालची ओळ. मी ती मोठ्याने वाचली.

'उमेदवाराने एकट्याने यावे. सोबत कोणासही आणू नये.'

मी बायकोकडे पाहिलं. ती मफलरची लोकर घरट्यातून सोडवत होती.

"मागच्या वेळीही होती ही ओळ," ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी. पत्र तुमच्याच हातात दिलं होतं मी. तुम्ही तारीख बघितलीत आणि रजेचा अर्ज लिहायला बसलात."

"मग तू बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही बोलत होतात ना," ती म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तीन आठवड्यांनी पोस्टमन आला. पेटीच्या फटीतून तोवर नव्या काड्या डोकावत होत्या, म्हणून तो फाटकाशी उभा राहून मोठं पाकीट हलवू लागला. आम्ही दोघं पायरीवर होतो. मी उठलो, चार ढांगांत फाटकाशी पोचलो, सवयीने हात पुढे केला. मग तो हात मी खिशात घातला.

"वहिनींना द्या," मी म्हणालो. "त्यांचं आहे."

तिने फाटकाशीच पाकीट फोडलं. वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. तिचे ओठ हलत होते. मग तिने डोळे पुसले आणि पत्र माझ्यापुढे धरलं.

"कायम," ती म्हणाली. "घ्या, वाचा. पण सगळं वाचायचं हं."

मी चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सुरुवात केली.